अजिंठ्याची चित्रशाळा आणि आपली मुले

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत मुलांस घेऊन एखादा अजबखाना पाहावयास जावे, हा आपल्या सुशिक्षित घरांतील जुना परिपाठ आहे. मुंबईस राणीच्या बागेतील प्राणी पाहून झाले म्हणजे शेजारच्या संग्रहालयात एक फेरी, पुण्यास केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्ते, आणि छत्रपती संभाजीनगरास मुक्काम पडला तर वेरूळ-अजिंठ्याची यात्रा, हा क्रम बहुतेकांच्या परिचयाचा आहे. ही फेरी कशी पार पडते, हेही सर्वांस ठाऊक आहे. वडील मंडळी पुढे चालतात, मुले मागून ओढली जातात. काचेच्या कपाटातील चिठ्ठी कोणीतरी मोठ्याने वाचतो, तीतील शतक आणि राजघराणे ऐकून मुले माना डोलावितात, आणि घरी आल्यावर "काय पाहिलेस?" असे विचारले असता त्यांस पायऱ्यांवरचे माकड नाहीतर फाटकापाशी घेतलेली काकडी आठवते. वडिलांस याचा विषाद वाटतो. आमच्या मते यात मुलांचा दोष थोडा आणि आपला अधिक आहे. आणि तो नेमका कोठे आहे हे समजून घेण्यास अजिंठ्याच्या चित्रांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास फार उपयोगी पडणारा आहे. म्हणून तो येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

संग्रहालय ही संस्था आपल्याकडे तशी नवीच. देवळात मूर्ती होत्या, वाड्यांच्या भिंतींवर चित्रे होती, सरदारांच्या शिलेखान्यात हत्यारे होती. परंतु केवळ पाहण्याकरिता वस्तू एकत्र मांडावयाच्या आणि त्या कोणासही पाहू द्यावयाच्या, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात आली. मुंबईचे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम १८७२ मध्ये लोकांस खुले झाले. ते उभे राहावे म्हणून ज्यांनी परिश्रम केले त्यांत डॉक्टर भाऊ दाजी लाड हे अग्रभागी होते, आणि १९७५ पासून ते संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हेच भाऊ दाजी अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन करणाऱ्या आद्य विद्वानांपैकी एक होत, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नसते. मुंबईचेच दुसरे मोठे संग्रहालय, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तु संग्रहालय, १९२२ मध्ये उघडले. त्याची इमारत त्यापूर्वीच बांधून झाली होती. पण पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत तीत लष्करी इस्पितळ आणि मुलांच्या कल्याणाचे केंद्र चालत होते. मुलांचा त्या वास्तूशी आलेला हा पहिला संबंध. पुढे २०१९ मध्ये तिच्या आवारात खास मुलांकरिता म्हणून निराळे संग्रहालय निघाले. औंधास बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये आपल्या संग्रहास टेकडीवर स्वतंत्र मंदिर दिले. पुण्यास दिनकर गंगाधर केळकरांनी जन्मभर जमविलेल्या संग्रहास नाव दिले ते अल्पवयात वारलेल्या आपल्या राजा या मुलाचे.

या सर्व थोर पुरुषांच्या खटाटोपाच्या मुळाशी एकच विश्वास दिसतो: वस्तू जपून ठेविली म्हणजे ती पुढल्या पिढीस पोहोचली. हा विश्वास खोटा नाही; पण तो अपुरा आहे. वस्तू आणि पिढी यांच्यामध्ये आणखी कोणीतरी उभे असावे लागते. ते कोण, हे पुढे ओघानेच येईल.

आता संभाजीनगराकडे वळू. शहराच्या उत्तरेस, डोंगराच्या पायथ्याशी, सोनेरी महाल नावाची एक इमारत आहे. औरंगजेबाबरोबर दक्षिणेत आलेला बुंदेला सरदार पहाडसिंग याने ती १६५१ ते १६५३ या काळात बांधली असे सांगतात. तीत एके काळी सोन्याच्या रंगाने काढलेली चित्रे होती आणि त्यांवरूनच महालास हे नाव मिळाले. आज तेथे राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. मूर्ती आहेत, मडकी आहेत, हत्यारे आहेत. ज्या चित्रांनी महालास नाव दिले त्यांच्या मात्र खुणाच काय त्या उरल्या आहेत. मुलांस येथे प्रथम आणावे असे आम्ही म्हणतो ते एवढ्याकरिता की, चित्र ही वस्तू किती अल्पायुषी असते याचा पाठ याहून सोप्या रीतीने देता येणार नाही. दगडाची मूर्ती नाक फुटले तरी मूर्तीच राहते, मातीचे मडके फुटले तरी त्याचे खापर टिकते. चित्राचे तसे नाही. त्याचा रंग उडाला की मागे भिंत उरते.

हा पाठ मनात ठेवून मग शंभर किलोमीटरांवरील अजिंठ्यास जावे. वाघोरा नदीने घोड्याच्या नालेसारखे वळण घेऊन जी दरी कोरली आहे, तिच्या कड्यात तीस लेणी आहेत. त्यांतील नऊ आणि दहा या क्रमांकांची चैत्यगृहे ख्रिस्तपूर्व काळातील. ज्यांतील चित्रांमुळे अजिंठ्याचे नाव जगभर झाले ती एक, दोन, सोळा आणि सतरा या क्रमांकांची लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे वाकाटक राजा हरिषेण याच्या कारकिर्दीच्या सुमाराची मानली जातात. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने कोरविले. सतरावे त्याच्या एका मांडलिकाने कोरविले, आणि त्या लेण्याच्या लेखातून असे कळते की रविसांब नावाचा आपला धाकटा भाऊ वारल्याच्या दुःखातून तो या दानधर्माकडे वळला. पंधराशे वर्षांपूर्वीचा हा शोकाकुल राजपुरुष आणि पुण्याचे केळकर यांच्यामध्ये काळाचे केवढे अंतर! पण गेलेल्या जिवलगाच्या नावाने चार लोकांस काहीतरी पाहण्यासारखे करून ठेवावे, ही बुद्धी दोघांसही झाली.

चित्रे कशी केली हेही मुलांस सांगण्याजोगे आहे, कारण त्यातील बहुतेक सामान त्यांच्या ओळखीचे आहे. खडबडीत कातळावर माती, शेण, तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि तो वाळल्यावर गेरू, पिवडी, हिरवी माती आणि काजळी यांचे रंग. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, दूर देशाहून आणलेला. म्हणजे आपल्या आजीने ज्या द्रव्यांनी घर सारविले तीच बरीचशी येथे आहेत. असा हा गिलावा पंधरा शतके टिकला, हेच आश्चर्य. तो टिकण्याचे एक मोठे कारण असे की, मधल्या हजारभर वर्षांत तेथे माणसांची वर्दळ जवळजवळ नव्हती.

ती पुन्हा सुरू झाली १८१९ मध्ये. पेशवाई बुडून वर्ष झाले होते. मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीस त्या रानात आला आणि त्याच्या दृष्टीस लेणी पडली. दहाव्या लेण्यात शिरून त्याने एका खांबावरील चित्रावर आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. ढीग उपसल्यावर ते नाव आता पाहणाऱ्याच्या डोक्यावर गेले आहे. याच लेण्याच्या भिंतीवर षड्दंत हत्तीची कथा चितारलेली आहे. पूर्वजन्मीच्या मत्सराने एका राणीने त्या गजराजाचे दात आणावयास व्याध धाडिला; व्याधाच्याने दात कापवेनात, तेव्हा त्या हत्तीने स्वतःच त्यास साह्य केले; आणि दात समोर आणलेले पाहून राणीचे हृदय फुटले. त्या कथेच्या शेजारीच एका शिकाऱ्याने आपले नाव कोरून ठेवावे, हा योगायोगच. पण पुढील इतिहासाची ती जणू नांदी ठरली. कारण यानंतर जो जो अजिंठ्यास आला त्याला तेथून काहीतरी न्यावेसे वाटले.

काहींनी प्रत्यक्ष चित्रेच नेण्याचा यत्न केला. मुंबईच्या डॉक्टर बर्ड नामक गृहस्थांनी सतराव्या लेण्यातील चक्राच्या चित्रातून चार आकृती सोलून काढल्या. भिंतीस व्रण पडला तो कायमचा. याहून पुष्कळ बऱ्या हेतूने आले ते प्रतिकृती करणारे. जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने या चित्रांची महती विलायतेतील विद्वानांपुढे मांडली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची चित्रे उतरवून घेण्यासाठी नेमणूक केली. गिलने आपल्या उमेदीची जवळजवळ वीस वर्षे त्या रानात काढली. त्याची मोठमोठी चित्रे लंडनजवळ सिडनॅम येथील काचमहालात, म्हणजे क्रिस्टल पॅलेसमध्ये, मांडली गेली. आणि १८६६ च्या डिसेंबरात त्या महालास आग लागून त्यांतील मोजकी सोडून सर्व जळाली. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळास आहे.

ही हानी भरून काढावी म्हणून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह हेच काम नव्याने आरंभिले. विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार होते. १८८५ पर्यंत काम चालले, आणि त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आग लागून त्यांच्या शंभराहून अधिक प्रतिकृतींची राख झाली. पुढे जपानहून चित्रकार आले. त्यांनी कागदावर उतरवून नेलेल्या प्रती १९२३ च्या भयंकर भूकंपात गेल्या. अग्नीस आणि भूमीस जणू ही चित्रे दुसरीकडे नांदू द्यावयाची नव्हती, असे एखाद्या भाविकाने म्हटले तर त्यास हसू नये.

आम्ही हे सांगतो ते त्या परिश्रमी माणसांस नावे ठेवण्याकरिता नव्हे. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या हातची सगळी मिळून १६६ चित्रे लंडनास आजही आहेत, आणि मूळ भिंतीवरून नाहीसे झालेले कित्येक तपशील त्यांतच पाहावयास मिळतात. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केलेले दोन खंडही अभ्यासकांस उपयोगी आहेत. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चित्रे उठून दिसावीत म्हणून या दोघांच्याही काळी भिंतींवर रोगण फासण्यात आले. निजाम सरकारने पुराणवस्तू खाते काढल्यावर १९२० ते १९२२ या काळात इटलीहून दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनी सुटलेला गिलावा पुष्कळ ठिकाणी सावरला, पण त्यांनीही रोगण वापरले. हे सारे रोगण कालांतराने पिवळे पडून त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि ते काढण्याचे जिकिरीचे काम पुढील पिढ्यांच्या गळ्यात पडले. ज्यांचे चित्रांवर प्रेम होते त्यांच्या हातूनच चित्रांस ही बाधा झाली. द्वेष्ट्यांपासून वस्तू राखणे त्या मानाने सोपे आहे.

मग अजिंठ्याहून खरोखर कोणी काही नेलेच नाही काय? नेले; पण निराळ्या रीतीने. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज विदुषी प्रतिकृतींसाठीच तेथे उतरल्या होत्या. त्यांच्या साह्यास हैदराबादेचे सय्यद अहमद आणि मुहंमद फजलुद्दीन होते, आणि कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा हे तरुण चित्रकार होते. त्यांच्या प्रतिकृती १९१५ मध्ये ग्रंथरूपाने निघाल्या. परंतु त्या ग्रंथाहूनही मोठे फळ हे की, दिवसचे दिवस त्या भिंतीसमोर बसून नंदलालांच्या डोळ्यांस जे वळण लागले ते पुढे शांतिनिकेतनात त्यांच्या शिष्यांच्या पिढ्यांस मिळाले. कॅनव्हास जळतो, कागद गाडला जातो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जे मुरले ते मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. अजिंठ्याच्या इतिहासातून आम्हांस मुलांच्या बाबतीत बोध घ्यावयाचा तो हाच.

आणि ही चित्रे मुळात होती तरी कशासाठी? केवळ शोभेसाठी नव्हेत. सतराव्या लेण्याच्या भिंती म्हणजे कथांचे एक पुस्तकच आहे. आंधळ्या आईस सोडून राजाच्या गजशाळेत अन्न न घेणारा हत्ती तेथे आहे. आपल्या देहाचा पूल करून सोबत्यांस पार करणारा वानरराजा आहे. सर्वस्व देऊन टाकणारा विश्वंतर आहे. पण हे पुस्तक असे आहे की त्यातील प्रसंग क्रमाने मांडलेले नाहीत. एकाच भिंतीवर तोच हत्ती येथे पकडलेला, तेथे सोडलेला. कथा ठाऊक नसेल तर कोठून आरंभ करावा हे कळत नाही. अशा चित्रापुढे जाणते कोणी उभे राहून बोटाने दाखवीत कथा सांगत असले पाहिजे, असे अनुमान केल्यावाचून गत्यंतर नाही. चित्र आणि ते सांगणारा, ही जोडी आपल्या देशात जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. आपल्या चित्रकथींची परंपरा तीच. कोकणात पिंगुळीस ती आजही जिवंत आहे. आणि याच जिल्ह्यातील पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची जुनी चित्रे पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. चित्रकथी हा पोथीतील चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील आख्यान गात असे. चित्र त्याच्या हाती होते, पण कथा त्याच्या कंठी होती. संग्रहालयाने चित्र जपले. चित्रकथ्याच्या जागी मात्र त्याने एक चिठ्ठी चिकटविली. वस्तू आणि पिढी यांच्यामध्ये कोणीतरी उभे असावे लागते असे आम्ही आरंभी म्हटले, ते हेच. ती जागा आज रिकामी आहे, आणि मुलांबरोबर असलेल्या वडील माणसांनी ती भरावी अशी आमची सूचना आहे.

हे कसे साधावे, याविषयी अनुभवाने सुचलेल्या दोन गोष्टी सांगतो. एका दिवसात तीस लेणी पाहण्याचा हव्यास प्रथम सोडावा. मुलांकरिता दोन लेणी पुरेत. त्यांपैकी एक दुसऱ्या क्रमांकाचे. तेथे हारीती आणि पांचिक यांचे देवघर आहे. लोकांची मुले खाणारी ही यक्षिणी, बुद्धाने तिचे धाकटे मूल लपवून ठेविल्यावर तिला इतर मातांचे दुःख कळले, आणि ती मुलांची राखणकर्ती झाली. तिच्या आसनाखालच्या पट्टीत एक शाळा कोरली आहे: छडी घेतलेले पंतोजी, त्यांच्यापुढे अभ्यासात गढलेली काही मुले, आणि पंतोजींची नजर चुकवून मागे खेळणारी, कुस्ती करणारी बाकीची. बाजूच्या भिंतींवर मुलांस घेऊन पूजेस निघालेल्या स्त्रियांचे चित्र आहे. म्हणजे अजिंठ्यास मुले पंधराशे वर्षांपूर्वीच येऊन पोहोचलेली आहेत. आणि हे एकदा दिसले म्हणजे आपल्या मुलांस ती जागा परकी वाटत नाही.

दुसरे लेणे सतरावे. गेल्या खेपेस आम्ही घरातील तीन मुलांस तेथे नेले होते. आदल्या रात्री मुक्कामावर एकच कथा सांगितली होती आणि उद्या ती शोधून काढावयाची, एवढेच ठरले होते. आत शिरल्यावर प्रथम काहीच दिसेना. बाहेरच्या उन्हाने दिपलेले डोळे निवावयास वेळ लागतो, आणि बहुतेक मंडळी त्यापूर्वीच "सगळे काळेच आहे" म्हणून बाहेर पडतात. आम्ही गप्प उभे राहिलो. मग हळूहळू भिंतीतून एक एक चेहरा वर आला, आणि अंतराळाच्या भिंतीवर बुद्धाची ती उंच, शांत आकृती, हाती भिक्षापात्र, आणि समोर इवलीशी दिसणारी यशोधरा आणि राहुल ही दोघे स्पष्ट झाली. तिघांत धाकटी असलेली सात वर्षांची मुलगी एकदम पुढे सरली आणि तिचा हात भिंतीकडे गेला. आम्ही तो धरला. ती ओशाळली, आणि क्षणाने म्हणाली, "मी त्याला हात लावत नव्हते हो, आजोबा. त्याची आई त्याला ढकलते आहे ना, ते दाखवत होते."

तिने पाहिले ते आम्ही तोवर पाहिलेच नव्हते. आमचे लक्ष बुद्धाच्या उंचीवर होते. तिचे आईच्या हातावर. त्यानंतर पाव तासभर तीच आमची चित्रकथी झाली.

धरलेल्या त्या हाताविषयी मात्र बोलले पाहिजे. एका मुलाचे बोट, एका माणसाचा श्वास, एक दिव्याची चमक, याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. जॉन स्मिथासही आपले एकच नाव वाटले होते. बंद लेण्यात शेकडो माणसांच्या श्वासाने दमटपणा वाढतो आणि शेणमातीचा गिलावा सैल होतो. म्हणूनच तेथे एका वेळी थोड्याच लोकांस आत सोडतात आणि छायाचित्रासाठी झगमगाट करण्यास मनाई आहे. अजिंठा-वेरूळास १९८३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. परंतु मान्यतेचा शिक्का गिलावा धरून ठेवीत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात एक गिल आणि एक ग्रिफिथ्स आहे. चित्रापुढे जावे, यंत्र उंच करावे, टिपून घ्यावे आणि पुढे चालावे, यात नेण्याची तीच जुनी हाव आहे, फक्त तिला श्रम उरले नाहीत. वीस वर्षे भिंतीपुढे बसलेल्या गिलने निदान पाहिले तरी पुष्कळ होते. तेव्हा आत असताना हात पाठीमागे बांधावे, यंत्र पिशवीत ठेवावे, आणि पाहिलेले चित्र घरी आल्यावर आठवणीने पाटीवर किंवा कागदावर काढावे. ते वेडेवाकडे निघेल. पण त्यात जे उतरेल ते मुलाचे स्वतःचे असेल.

कोणी अशी शंका काढील की, मूळ चित्रे इतकी नाजूक असतील तर मुलांस तेथे नेताच कशाला? २०१३ मध्ये अजिंठ्याजवळ अभ्यागतांसाठी जे केंद्र उघडले, त्यात याच चार चित्रमय लेण्यांच्या प्रतिकृती करण्यात आल्या होत्या. तशा प्रतिकृतींवर का भागवू नये? शंका योग्य आहे, आणि एखादा दिवस असाही येईल की मूळ लेणी बंद करणेच शहाणपणाचे ठरेल. पण वस्तू प्रत्यक्ष पाहून जी माया जडते ती नकलेने जडत नाही, आणि माया जडल्यावाचून कोणी कशाची राखण करीत नाही. ज्याने लहानपणी त्या अंधारात उभे राहून राहुलास पाहिले, तोच मोठेपणी लेण्यांच्या निधीवर मत देताना, शाळेची सहल नेताना किंवा नाव कोरणाऱ्याचा हात धरताना राहुलास विसरणार नाही. पहारेकरी नेमता येतात; पण त्यांची संख्या पाहणाऱ्यांहून नेहमीच थोडी असणार. शेवटी चित्रे राखावयाची ती पाहणाऱ्यांनीच.

त्या रात्री कथेचा जो भाग सांगितला होता तो वाचकांसही सांगून हा लेख पुरा करतो. बुद्ध झाल्यानंतर सिद्धार्थ कपिलवस्तूस आला तेव्हा यशोधरेने सात वर्षांच्या राहुलास नटवून सांगितले, "ते तुझे वडील. त्यांच्यापाशी जा आणि आपला वारसा माग." मुलगा मागोमाग चालला आणि वारसा मागू लागला. राज्य तर केव्हाच सोडले होते. देण्याजोगे जे एक उरले होते ते पित्याने दिले, त्यास संघात घेतले. वृद्ध शुद्धोदनास याचे अतिशय दुःख झाले, आणि यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कोणाच्या मुलास संघात घेऊ नये, असे त्याने बुद्धाकडून कबूल करून घेतले. कथेतील हा आजोबा आम्हांस फार जवळचा वाटतो.

मुलांस आम्ही कथा येथवर सांगितली आणि त्यांस काय समजले हे विचारले नाही. परतीच्या वाटेवर, फर्दापुराहून गाडी निघाल्यावर, ती धाकटी मुलगी काचेतून बाहेर पाहत होती. तिने विचारले, "मग त्याच्या आईला काय मिळाले?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. पुढील खेपेस ते शोधावयाचे, असे ठरवून आम्ही घरी आलो.